चढाईपटूच्या साथीला कोण?

आग्रही : आपल्या नाहूरच्या कुमार संघात या वर्षी एक चढाईपटू असा आहे, की आधी त्याचं नाव लिहावं आणि त्याला काय लागतं ते पाहून मग उरलेली नावं लिहावीत, असं मला वाटतं. सतरा वर्षांचा मुलगा आहे. उंची आहे, ढांग लांब आहे आणि बोनस रेषेपलीकडे पाऊल टाकताना मागचा पाय नेमका कधी उचलायचा याची जाण त्याला उपजत आहे. समोर सात गडी असले की तो सहसा हात हलवत परत येत नाही. अशी मुलं दरवर्षी मिळत नाहीत. पण आपली निवड कशी होते? चाचणीत ज्यांनी जास्त गुण घेतले ते आत. त्यामुळे तीन चांगले चढाईपटू मिळतात खरे, पण तिघेही एकाच बाजूने शिरणारे आणि तिघेही बोनसवर डोळा ठेवणारे. अमेरिकन फुटबॉलमध्ये हा विचार फार बारकाईने करतात. तिथे क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि वाइड रिसीव्हर मैदानाच्या कडेने धावत जाऊन तो झेलतात. तरुण क्वार्टरबॅक हाती लागला की आधी त्याचा हात पाहतात. लांब फेकतो का, आखूड आणि झटपट टाकतो का, गर्दीतून अचूक काढतो का? मग त्याप्रमाणे झेलणारे निवडतात. सिनसिनाटी बेंगल्सनी 2020 मध्ये क्वार्टरबॅक जो बरोला घेतलं. पुढच्या वर्षी नव्या खेळाडूंच्या निवडीत पाचवा क्रमांक हाती असताना त्यांनी वाइड रिसीव्हर जमार चेसला घेतलं, जो विद्यापीठात बरोचाच साथीदार होता. लुइझियाना स्टेटच्या ज्या संघाने 2019 च्या मोसमात 15 पैकी 15 सामने जिंकले, त्यात हे दोघे होते. चेसने पहिल्याच मोसमात 1455 यार्ड कमावले आणि संघ थेट सुपर बाउल या अंतिम सामन्यात गेला. एका मुलाचं बळ ओळखून त्याला जोडीदार दिला की काय होतं, ते इथे दिसतं.

साशंक : ती गोष्ट अर्ध्यावर थांबवू नका. नोव्हेंबर 2020 मध्ये बरोचा गुडघा गेला होता. त्याला वाचवणारी फळी कच्ची होती आणि त्या निवडीच्या दिवशी पेनेई सूएल नावाचा तगडा रक्षक उपलब्ध होता. बेंगल्सनी झेलणारा घेतला. सूएल सातव्या क्रमांकावर डेट्रॉइटकडे गेला. त्या मोसमात बरोला चेंडूसकट 51 वेळा खाली पाडलं, लीगमध्ये सगळ्यांत जास्त. अंतिम सामन्यात सात वेळा पाडलं आणि बेंगल्स 23-20 असे हरले. रक्षक घेतला असता तर जिंकले असते असं मी म्हणत नाही. चेसशिवाय ते तिथवर पोहोचले असते की नाही, हाही प्रश्नच आहे. पण तुम्ही ‘बळाला साजेसा जोडीदार’ म्हणता तेव्हा मुलाला जे आवडतं आणि जे चांगलं जमतं तेच आणखी वाढवायचं असं धरून चालता. तो ज्या जमिनीवर उभा आहे ती जमीन कुणी धरायची, हा प्रश्न मागे पडतो. आणि दुसरी हरकत याहून मोठी आहे. क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू कुणीतरी झेलावाच लागतो, नाहीतर त्याच्या फेकीला अर्थच नाही. कबड्डीत मध्यरेषा ओलांडली की मुलगा एकटा. तीस सेकंद, एक दम, समोर सात जण. त्याच्या चढाईतलं काहीही दुसरा झेलत नाही. मग साथीदार त्याच्या बळाला साजेसे निवडायचे म्हणजे नेमकं काय करायचं?

आग्रही : चढाई एकट्याची असते, पण चढाईपटूचा सामना एकट्याचा नसतो. क्वार्टरबॅकची फेक चुकली तरी तो पुढच्या खेळीला मैदानात असतो. आपला मुलगा पकडला गेला की बाहेर जाऊन बसतो. तो आत कधी येणार हे त्याच्या हातात नाही. आपल्या कुणी तरी समोरचा गडी मारला पाहिजे किंवा पकड केली पाहिजे, तेव्हा बाहेरच्यांतला जो आधी बाद झाला तो आधी आत येतो. मुलगा तिसरा बाद झाला असेल तर तीन गडी टिपले जाईपर्यंत तो बाकावरच. चाळीस मिनिटांच्या सामन्यात असा मुलगा किती वेळ बाहेर बसतो ते एकदा घड्याळ लावून पाहा. साथीदाराची खरी कामगिरी तिथे सुरू होते. आणि आपल्या मुलाच्या बाबतीत तर आणखी एक गाठ आहे. बोनसच्या गुणाने फळ्यावरचा आकडा वाढतो, पण आपला बाहेर बसलेला गडी आत येत नाही. म्हणजे हा मुलगा दहा बोनस आणेल आणि आपण तरीही चार जणांत खेळत राहू. त्याच्या जोडीला हात लावून, पाय लावून गडी मारणारा मुलगा नसेल तर याचे गुण दिसतील आणि संघ रिकामा होत जाईल. झेलणारा जोडीदार म्हणतात तो आपल्याकडे हा. याने आघाडी आणायची, त्याने माणसं आणायची.

साशंक : बोनसने गडी जिवंत होत नाही हा मुद्दा मला पटला, आणि निवड समितीतले निम्मे लोक तो विसरतात. पण उदाहरण द्या. तरुण चढाईपटू, त्याच्या आजूबाजूचा संघ, आणि त्यातून निघालेला निकाल.

आग्रही : सिद्धार्थ देसाई. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातलं हुंदळेवाडी. 2018 मध्ये, प्रो कबड्डीच्या सहाव्या मोसमात, यू मुंबाने त्याला 36.40 लाखांना घेतलं आणि पहिल्याच मोसमात त्याने चढाईचे 218 गुण केले. संघ आपल्या गटात दुसरा आला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सनी त्याला 1.45 कोटींना नेलं. तिथे त्याने किती गुण केले? 217. फरक एका गुणाचा. आणि टायटन्स बारा संघांत अकरावे. मुलगा तोच, ताकद तीच, चढाईची रीत तीच. प्रशिक्षकसुद्धा तेच, गुलामरेझा माझंदरानी, जे यू मुंबाहून टायटन्सकडे गेले होते. बदलले ते साथीदार. यू मुंबात त्याच्या पाठीशी डाव्या कोपऱ्यात कर्णधार फझल अत्राचली होता, ज्याच्यासाठी संघाने एक कोटी मोजले होते. मध्यरक्षणाला सुरिंदर सिंग होता. चाळिशी ओलांडलेला धर्मराज चेरलाथन होता. सिद्धार्थ बाद झाला तर पुढच्या एकदोन चढायांत कुणीतरी पकड करून त्याला आत आणेल, याची खात्री त्या संघात होती. म्हणून तो बेधडक जाऊ शकत होता. खांद्याच्या जोरावर दोघातिघांना ओढत मध्यरेषेपर्यंत आणणारा चढाईपटू जोखीम घेतो. जोखीम घेणाऱ्याला परत बोलावणारी माणसं हवीत.

साशंक : उदाहरण उत्तम आहे, पण ते तुमच्यापेक्षा माझ्या बाजूने जास्त बोलतं. एक तर टायटन्सकडेही विशाल भारद्वाज आणि अबोझार मिघानी असे नावाजलेले कोपरारक्षक होते. सिद्धार्थचा मोठा भाऊ सूरज हाही त्याच संघात चढाईला होता. सख्ख्या भावाहून ओळखीचा जोडीदार कुठला आणणार? तरी संघ अकरावा. म्हणजे कागदावर जोडी जुळवली म्हणून मैदानावर जुळते असं नाही. दुसरं, यू मुंबाने फझलला सिद्धार्थसाठी घेतलं नव्हतं. सिद्धार्थ किती मोठा निघेल हे लिलावात कुणालाच माहीत नव्हतं, नाहीतर तो 36 लाखांत मिळालाच नसता. त्यांनी आधी बचाव उभा केला आणि त्या बचावाच्या आधाराने एक नवा मुलगा फुलला. तुम्ही सांगता त्याच्या हे नेमकं उलट आहे. तिसरं, तोही यू मुंबा बाद फेरीत यूपी योद्धाकडून हरून गेला. एका मुलावर इतकी भिस्त असली की त्या एका संध्याकाळी त्याला जखडलं की काम संपतं. पुढे आठव्या मोसमात काय झालं तेही आठवा. दोनतीन सामन्यांनंतर सिद्धार्थ दुखापतीने बाहेर गेला आणि टायटन्सना संपूर्ण मोसमात एकच विजय मिळाला. दुखापत ओझ्यामुळेच झाली असं ठरवता येत नाही. पण त्याच्याभोवती बांधलेल्या संघात तो नसताना काय शिल्लक राहतं, ते सगळ्यांनी पाहिलं.

आग्रही : मग आधी बचाव, हेच तुमचं उत्तर समजू का?

साशंक : नाही, कारण आपल्या मुलाच्या बाबतीत तेही उत्तर उलटतं. बोनस मिळण्यासाठी समोर किमान सहा गडी लागतात. आपले कोपरे जबरदस्त असले, तर ते समोरचे दोन चढाईपटू लागोपाठ धरतील. समोर उरले पाच. आता बोनस रेषा नावालाच. आपण चांगलं खेळलो म्हणून आपल्या सर्वांत चांगल्या मुलाचं मुख्य हत्यार निकामी झालं. तो अजून सातांच्या गर्दीतच खुलतो. पाच जणांसमोर कोपरे त्याच्यावर चालून येतात, अंतर बदलतं, आणि तिथे त्याला हाताने गडी टिपता येत नाही. समोर तीनच उरले की आणखी वाईट. तेव्हा धरला गेला तर ती अव्वल पकड, त्यांना दोन गुण. आपण लोण चढवण्याच्या बेतात असताना हाच मुलगा त्यांना परत उभं करून येतो. म्हणून विचारतो, बळाला साजेसा संघ म्हणजे नेमका कोणत्या वेळेचा संघ? समोर सात असतानाचा, की तीन असतानाचा?

आग्रही : हा प्रश्न मी स्वतःला इतक्या नेमकेपणाने विचारला नव्हता. पण यातूनच उत्तर निघतं असं मला दिसतं. सात ते सहा गडी समोर असताना तो जाईल. पाच किंवा कमी उरले की दुसरा जाईल, जो बुटका असेल, डुबकी मारून साखळीखालून निसटणारा असेल, तिसऱ्या निर्णायक चढाईला ज्याचे पाय गळत नाहीत असा असेल. यू मुंबाने 2015 मध्ये मुंबईतच बंगळुरू बुल्सला 36-30 असं हरवून विजेतेपद घेतलं, तेव्हाची त्यांची चढाई आठवते? कर्णधार अनुप कुमार बोनसचा बादशहा, डोकं थंड. त्याच्या बरोबर आपला मुंबईकर रिशांक देवाडिगा, चपळ, हाताने गडी टिपणारा. आणि शब्बीर बापू, जो अंतिम सामन्यात कठीण वेळी गुण घेऊन आला. तिघांच्या तीन तऱ्हा होत्या. अनुपला दुसरा अनुप दिला नव्हता. मी जोडीदार म्हणतो तो असा. त्याच्यासारखा नव्हे, तो जिथे थांबतो तिथून पुढे जाणारा.

साशंक : अनुप तेव्हा तिशी ओलांडलेला, आशियाई सुवर्ण घेतलेला खेळाडू होता. त्याला काय येतं आणि काय येत नाही ते ठरून गेलं होतं. आपला मुलगा सतरा वर्षांचा आहे. त्याला पाच जणांसमोर कधी पाठवलंच नाही, तर पाच जणांसमोर खेळायला तो शिकणार कधी? बाल्टिमोर रेव्हन्सचं 2019 चं उदाहरण तुम्हाला माहीतच असेल. लमार जॅक्सन हा धावणारा क्वार्टरबॅक. संघाने त्याच्या पायांभोवती सगळी रचना केली, झेलणारेही तसेच निवडले, आतल्या बाजूला खेळणारे, धिप्पाड, अडवणूक करू शकणारे. 16 पैकी 14 सामने जिंकले, लमार एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग बाद फेरीत टेनेसीने सुरुवातीलाच आघाडी घेतली. धावून भरून निघणार नाही इतकी पिछाडी झाली आणि सगळ्यांत जास्त धावणाऱ्या त्या संघावर 59 वेळा चेंडू फेकायची वेळ आली. 28-12 अशी हार. ज्या परिस्थितीसाठी संघ शिवला होता ती परिस्थितीच त्या रात्री आली नाही. तरुणाच्या बळाला संघ इतका बेतून शिवायचा नसतो की अंग वाढायला जागाच उरू नये.

आग्रही : पण त्या 14 विजयांनी त्या मुलाला काय दिलं तेही मोजा. आत्मविश्वास हा काही फुकट मिळणारा पदार्थ नाही. सतराव्या वर्षी लागोपाठ पाच सामन्यांत अव्वल पकडी खाल्लेला मुलगा सहाव्या सामन्यात मध्यरेषा ओलांडताना बिचकतो, आणि तो बिचकला की मग बोनसही जातो. असे बिचकलेले, पुढे मैदानावरच न आलेले मुलगे भांडुप, मुलुंड, कांजूरच्या प्रत्येक मंडळात आहेत. त्याच्या कमतरतेवर काम सरावात करावं. सामन्यात त्याला त्याच्या जागेवर ठेवावं.

साशंक : सरावात आपलेच गडी असतात. ते त्याची चाल ओळखतात, हळू हाताने धरतात. तीन जणांसमोर घामाघूम होऊन एकटं उभं राहणं सामन्यातच शिकता येतं. पण मी तुमचा मुद्दा नाकारत नाही. बिचकणं खरं आहे. किती वेळा हरू द्यायचं याचा हिशेब मला करता येत नाही.

आग्रही : मग पुणेरी पलटणकडे पाहू. त्यांनी बड्या चढाईपटूऐवजी अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे अशी तरुण मुलं धरून ठेवली. नवव्या मोसमात अस्लम आणि मोहित दोघेही उपांत्य फेरीला नव्हते. पंकजने एकट्याने 16 गुण घेऊन संघाला अंतिम सामन्यात नेलं, जो 17 डिसेंबर 2022 रोजी मुंबईत ते जयपूरकडून 33-29 असा हरले. पुढच्या मोसमात त्यांनी इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला 2.35 कोटींना आणून बचाव भक्कम केला आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून विजेतेपद घेतलं. कर्णधार होता अस्लम, नगर जिल्ह्यातला तरुण मुलगा. त्याला साजेसा संघ मिळाला म्हणूनच ना?

साशंक : त्या मोसमाचा सर्वोत्तम चढाईपटू अस्लम नव्हता, दिल्लीचा आशू मलिक होता. तरी मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू अस्लम ठरला. अंतिम सामन्यात चार गुणांची ती निर्णायक चढाई पंकजची होती. पुण्याने संघ अस्लमभोवती बांधला नाही. कुणीही बाहेर बसला तरी चालेल असा बांधला, आणि त्यात अस्लमला मोठं होता आलं. फरक बारीक वाटेल, पण निवडीच्या खोलीत तो सगळ्यांत मोठा आहे. तुम्ही विचारता, ‘या मुलाला कोण शोभेल?’ त्यांनी विचारलं असावं, ‘हा नसेल तेव्हा कोण?’ आणि या दोन प्रश्नांची उत्तरं म्हणून वेगवेगळी नावं निघतात.

आग्रही : नेहमीच निघतील असं नाही. समोर पाच किंवा कमी असताना जाणारा तो डुबकीवाला मुलगा दोन्ही प्रश्नांचं उत्तर असू शकतो.

साशंक : असू शकतो. म्हणून आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते बोलतो. तो डुबकीवाला मुलगाही सतरा वर्षांचाच आहे. पलटणकडे लिलाव आहे, पैसे आहेत. हवा तो नग विकत आणता येतो आणि ज्याला आणलं त्याला दुय्यम भूमिकेचेही लाखो रुपये मिळतात. आपल्या मंडळात लिलाव नाही. आपल्याकडे आहेत ती याच वस्तीतली, स्टेशनच्या दोन्ही बाजूंची पंधरावीस मुलं. आपण साथीदार निवडत नाही, आपल्याच एका मुलाला साथीदार ठरवतो. स्थानिक स्पर्धेत बक्षिसं कुणाला मिळतात? उत्कृष्ट चढाईला, उत्कृष्ट पकडीला, सामनावीराला. ज्याने पहिल्या दोन चढाया रिकाम्या काढून वेळ खाल्ला, ज्याने बाहेर बसलेल्या हिऱ्याला एक गडी टिपून आत आणलं, त्याला काही नाही. मग रेल्वे, पोलीस, बँक, कंपन्यांचे संघ खेळाडू बघायला येतात तेव्हा ते बक्षिसं आणि गुण बघतात. घरात कमावणारा एकच असलेल्या मुलासाठी क्रीडा कोट्यातली नोकरी ही खेळाइतकीच मोठी गोष्ट आहे. एका मुलाच्या बळाला साजेल असा संघ बांधताना आपण दुसऱ्या मुलाचे गुण काढून घेतो. त्याच्या आईवडिलांना हे कोण सांगणार?

आग्रही : मी सांगेन. कारण हारणाऱ्या संघातल्या कुणालाच कुणी बघायला येत नाही. संघ उपांत्य फेरीत गेला तर दोघेही दिसतात. पण तुमचा मुद्दा मी टाळत नाही. साथीदाराचं काम कागदावर उमटत नाही, तोवर त्याला साथीदार व्हा म्हणून सांगणं हा अन्याय आहे, हे मला मान्य.

साशंक : आणि मला हे मान्य, की सगळ्यांना समान चढाया वाटणं हेही उत्तर नाही. उपजत जाण असलेल्या मुलाला इतरांच्या बरोबरीने रांगेत उभं केलं तर ती जाण वाया जाते. आपलं भांडण आता एवढ्यावर आलं आहे : समोर पाच असताना त्याला किती वेळा पाठवायचं, आणि त्या प्रत्येक वेळी बाकावर बसणाऱ्या दुसऱ्या मुलाचं काय.

आग्रही : मी म्हणेन, साखळी सामन्यांत पाठवा, बाद फेरीत नाही.

साशंक : मी म्हणेन, बाद फेरीतही एकदा तरी. तिथे आपलं जमणार नाही, आणि आज जमायची गरजही नाही. पण निवड समितीला माझी एक विनंती आहे. येत्या सामन्यापासून आपल्या मंडळाच्या गुणलेखकाने कागदावर दोन रकाने वाढवावेत. पहिल्यात लिहावं, आपला मुख्य चढाईपटू बाद झाल्यावर किती मिनिटं बाहेर बसला. दुसऱ्यात लिहावं, त्याला आत कुणी आणलं. मोसमभर हे दोन आकडे लिहा, आणि पुढच्या निवडीला बसताना तो कागद टेबलावर ठेवा. बक्षीस समारंभाला मंडळाच्या खर्चाने एक बक्षीस वाढवा, दुसऱ्या रकान्यात ज्याचं नाव सगळ्यांत जास्त वेळा येईल त्याच्यासाठी.